गॅरंटीड प्लॅन राहू द्या, आधी राजीनामा थांबवा

वाचकाचं पत्र थोडक्यात असं आहे. नोकरी करतात, रात्री गेम खेळत यूट्यूबवर लाइव्ह जातात, एका वेळी साठेक लोक बघत असतात. गेले 6 महिने सुपर चॅट (बघणारा पैसे देऊन पाठवतो तो ठळक मेसेज) आणि मेंबरशिप (चॅनलची महिन्याची वर्गणी) मिळून पगारापेक्षा जास्त येतंय म्हणून पुढच्या महिन्यात राजीनामा देणार आहेत. आणि प्रश्न काय, तर चॅट सांभाळणाऱ्या एका मॉडरेटरने सुचवलेला 'गॅरंटीड' विमा प्लॅन घ्यावा की म्युच्युअल फंड. त्यांचे खरे आकडे छापत नाही, हातात येणारा महिन्याचा पगार 100 धरतो, बाकी सगळं त्याच हिशोबात.

प्लॅनचं आधी उरकून टाकू. महिन्याला 20, 10 वर्षं भरायचे, म्हणजे 2,400, आणि 20 व्या वर्षी 4,800 मिळणार. 'दुप्पट' ऐकायला भारी वाटतं, पण तुमचा पैसा सरासरी 15 वर्षं अडकतो, दुप्पट व्हायला किती टक्के लागतात याचा ठोकताळा म्हणजे 72 ला वर्षांनी भागायचं, इथे 15 ने, वर्षाला पावणेपाच टक्के झाले. वर विमा नावापुरता, आणि मधेच हप्ते थांबले तर पहिल्या काही वर्षांत भरलेलं बरंचसं पाण्यात. ज्याचं उत्पन्न दर महिन्याला बदलतं त्याला 10 वर्षांचा हप्ता गळ्यात घालणं हा शुद्ध विक्रीचा धंदा आहे, सल्ला नव्हे. तो मॉडरेटर तुमच्यासाठी रात्र रात्र चॅट सांभाळतो हे मान्य, पण त्याच्या उपकाराची फेड पॉलिसी घेऊन करायची गरज नाही.

आता जे विचारलंच नाहीत ते.

तुम्ही म्हणता एरवी महिन्याला साधारण 110 येतात. पत्रातला एक्सेलचा फोटो पाहिला तर तुम्ही चॅटमध्ये झळकलेले आकडे तसेच्या तसे जोडलेत. अहो, ते बघणाऱ्याच्या खिशातून गेलेले पैसे आहेत, त्यातले 30 टक्के यूट्यूब ठेवून घेतं. ट्विचवर, म्हणजे लाइव्ह गेमिंगच्या त्या दुसऱ्या साइटवर असता तर साध्या सबस्क्रिप्शनमधले निम्मेच हातात आले असते, म्हणजे त्यातल्या त्यात बरं. 110 चे झाले 77, एडिटर, इंटरनेट, सामान मिळून 10 गेले, टॅक्ससाठी 7 बाजूला काढा, उरले 60. घरखर्च आणि हप्ते मिळून तुमचे 70 लागतात. म्हणजे चांगल्या महिन्यातसुद्धा 10 कमी पडतायत आणि त्यात तुम्ही 20 चा प्लॅन घ्यायला निघालात!

पण मला जास्त खटकलं ते पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही सहज जाता जाता लिहिलंय: "आमचा एक रेग्युलर कामात अडकला म्हणून आला नाही, तो महिना जरा डाउन गेला." एक्सेलमध्ये तो महिना 65 चा आहे. 110 वरून 65, याला जरा म्हणत नाहीत. म्हणजे नेहमी येणारा हा एकटा प्रेक्षक 45 देतोय, चाळीस टक्के. तो गेला तर मघाचाच हिशोब करून हातात 32 उरतात, आणि खर्च 70 चा 70.

तो का देतो याचं उत्तरही तुम्हीच लिहिलंय. त्याचं नाव घेऊन उत्तर दिलं की लगेच दुसरा सुपर चॅट येतो, आणि बोलायला दुसरं कोणी नाही असं तो स्वतःच चॅटमध्ये म्हणाला होता. ट्विचच्या सुमारे 2,200 प्रेक्षकांवरचा 2018 चा एक अभ्यास आहे, त्यात लोक स्ट्रीममध्ये का गुंततात याची जी कारणं निघाली त्यात करमणूक आणि माहिती होतीच, पण गप्पा, नवीन ओळखी, आपल्या माणसांत असल्याची भावना, आणि प्रत्यक्ष आयुष्यात आधार कमी असणं हीसुद्धा होती. आणि छोटी चॅनल आवडणाऱ्यांमध्ये ही माणसांची ओढ जास्त दिसली.

प्लॅटफॉर्मवाल्यांना हे नीट कळतं. 2017 पासूनचं सुपर चॅट घ्या, जास्त पैसे दिले की मेसेज जास्त वेळ वर चिकटून राहतो, अगदी 5 तासांपर्यंत. मेंबरच्या नावापुढचा बॅज महिने मोजत जातो, मग वर्षभराचा बॅज सोडवत नाही म्हणून माणूस पुढचा महिना भरतो. स्क्रीनवरची, किती पैसे जमले ते दाखवणारी टार्गेटची पट्टी भरत आली की शेवटचं थोडं आपणच टाकावं असं वाटतं. काही जण खरंच कृतज्ञतेने देतात, रोज फुकट बघतो, बंद पडू नये म्हणून, आणि माझ्या मते हेच पैसे सगळ्यात टिकाऊ, कारण त्यांना बदल्यात तुमच्याकडून काही नको असतं. बाकीच्यांना लक्ष हवं असतं, आणि ते तुमच्याकडे मोजकंच आहे.

म्हणून तुमचं ते "600 लोक झाले की उत्पन्न दहापट" हे गणित मला पटत नाही. साठ जणांत तुम्ही प्रत्येकाचं नाव घेता, कोणाची परीक्षा कधी हे लक्षात ठेवता. 600 जणांत मेसेज वाचायच्या आत वर सरकून जातो. ज्याला ओळख हवी होती तो तेव्हा का देईल? नवीन लोक येतील, देतीलही, पण माणशी आत्ताएवढं मिळेल असं धरून चालू नका. आणि त्या रेग्युलरला वेगळा मेसेज करून "दर महिन्याला ठरावीक रक्कम देशील का" असं विचारायचा बेत तर सोडूनच द्या. मैत्री समजून देणाऱ्याला बिल पाठवलं की एकतर तो थांबेल, नाहीतर झेपत नसताना देत राहील, दोन्ही वाईट.

राजीनाम्याचा विचार कधी करायचा? सगळ्यात मोठा देणारा वगळून, कट आणि टॅक्स जाऊन, सलग 12 महिने 70 च्या वर आले तर. मेंबरशिपचे पैसे पूर्ण धरा, सुपर चॅटचे निम्मेच. शिवाय 6 महिन्यांचा खर्च, म्हणजे 420, बँकेत हवा, तुमच्याकडे आत्ता 90 आहेत.

प्लॅनचा पहिला हप्ता भरला असलात तर कागद आजच काढा, पॉलिसी परत करायची मुदत त्यात लिहिलेली असते, ती उलटायच्या आत परत करा. मॉडरेटर नाराज झाला तर होऊ दे. फंडाचं विचारलंत तर पगारातून 70 गेले की 30 उरतात, त्यातले 10 साध्या इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड) टाका, ते पाच-सात वर्षं तरी लागणार नाहीत असे हवेत. आणि नोकरी चालू असेपर्यंत स्ट्रीमच्या पैशाला घरखर्चासाठी हातच लावू नका, वेगळं खातं काढा. पगार असताना टॅक्स जरा जास्त बसेल म्हणून 60 ऐवजी 50 धरा, वर्षाचे 600 होतात, म्हणजे साडेआठ महिन्यांचा खर्च. तो रेग्युलर गायबच झाला तरी निम्मे, 300, जमतीलच.