ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी किती आणि कसं भरायचं?

75 टक्के, त्याहून जास्त नाही. उरलेली हवाच धक्के झेलते. टायर गच्च भरला तर दगडावर आपटून आतले धागे तुटतात.

ट्रॅक्टर सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना दगड लावा, मागचं चाक जॅकवर उचला आणि व्हॉल्व्ह अगदी वर येईल असं फिरवा. हवा सोडून व्हॉल्व्हची पिन काढा. पाणी भरायचं नोझल लावा. आतली हवा बाहेर पडायला वाट असलेलंच घ्या, नाहीतर मधेमधे नळी काढून हवा सोडत बसावं लागतं. व्हॉल्व्हमधून पाणी येऊ लागलं की 75 टक्के झालं. पिन बसवा, कंपनीने दिलेल्या दाबापर्यंत हवा भरा. 13.6-28 मापाच्या टायरमध्ये असं साधारण 180 लिटर मावतं, म्हणजे दर चाकाला 180 किलो वजन. दोन्ही बाजूंना सारखंच भरा.

हवा तपासताना व्हॉल्व्ह वरच ठेवा, साध्या गेजमध्ये पाणी शिरलं की तो गेला. पाणी गोठतं अशा थंडीत कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, पण ट्यूब गळली तर रिम गंजून सडते. नांगरटीला चाक घसरू नये म्हणून पाण्याचं वजन हवंच. नुसती ट्रॉली ओढायची असेल तर काढून टाका, उगाच डिझेल जातं.