व्हय म्हाराजा आणि माझं हसू

मनू,

परवा गावच्या घरभरणीचा व्हिडिओ कॉल चालू होता, दादामामा गाऱ्हाणं घालत होता, म्हणजे कोकणात देवाला मोठ्याने साकडं घालतात ना ते, मागून सगळे "व्हय म्हाराजा" ओरडत होते आणि मला हसू आवरेना. तेव्हा तू विचारलंस, "आई, तूच देवाला हसतेस, मग मला हात कशाला जोडायला लावलेस?" नंतर सांगते म्हटलं, पण लागलं गं ते.

मी देवाला नाही, नाटकात असंच गाऱ्हाणं घालणाऱ्या नटाला, मच्छिंद्र कांबळींना हसत होते. आमच्या परळच्या खोलीत 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकाची कॅसेट होती. आजोची गिरणी संपात सुटली ती सुटलीच, मग दिवसभर टेप आणि तो. गोष्ट एवढीच, कोकणातल्या एका गावात द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात आणि सगळा सावळागोंधळ होतो. गंगाराम गवाणकरांनी लिहिलेलं, १९८० ला आलं, ५००० च्या वर प्रयोग झाले, लंडनलासुद्धा. कांबळी त्यात तात्या सरपंच.

आजोने मला दामोदर हॉलला नेलं होतं. तात्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, अख्खं थिएटर हसतंय, आणि आजोने खुर्चीखाली चपला काढल्या, हात जोडले, "व्हय म्हाराजा" म्हणाला, मग इतका हसला की ठसका लागला. मला लाज वाटली होती, लोक बघत होते ना.

आता हे पण सांगते की मला कांबळींचा रागही यायचा. शाळेत तोंडातून एक मालवणी शब्द निसटला की पोरं म्हणायची, ए तात्या सरपंच करून दाखव. आजो काहीही बोलला तरी शेजारचे आधीच हसायला तयार. नाटकाने आमची भाषा मोठ्या स्टेजवर नेली असं सगळे म्हणतात, ते खरंच आहे, पण भांडायला, रडायला हीच भाषा वापरणाऱ्यांचं काय, असं अजूनही वाटतं कधीकधी.

पण हाच माणूस मालवणजवळच्या रेवंडीचा, आणि १९८२ ला स्वतःची नाटक कंपनी काढली तेव्हा नाव दिलं गावच्या देवीचं, भद्रकाली. गाऱ्हाण्यावर हसवून पोट भरणाऱ्याला देवीचं नाव लावताना काही खटकलं नसावं. की धंद्याला शुभ म्हणून? असेलही, मी काय सांगू. २००७ ला ते गेले, कंपनी अजून त्याच नावाने नाटकं करते.

तू हात जोडलेच पाहिजेस असं काही नाही हं. त्या दिवशी लावले कारण मामा कॅमेऱ्यात तुझ्याकडेच बघत होता. सुट्टीत वस्त्रहरणचं रेकॉर्डिंग लावू या, पहिला अर्धा तास तुला काही कळणार नाही, दर वाक्याला पॉज करायला लावू नकोस, आणि त्यातलं काहीही पुण्याच्या आजीसमोर म्हणून दाखवू नकोस.

आई