रिपोर्टच्या आधी पोचायला हवं ते

प्रिय,

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवरच्या तुझ्या पत्रकाचा मसुदा वाचला. सुरुवात 'जीवघेणा आजार' इथून आणि शेवट 'आजच तपासणी करा' इथे, मधलं बरंचसं गाळलंयस. बाई अडते ती नेमकी मधेच. नमुना कसा घेतात, दुखतं का, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर पुढे काय, घरात काय सांगायचं? हे तिला रिपोर्ट हातात पडण्याआधी माहीत हवं. नंतर सांगितलेलं घाबरलेल्या माणसाच्या कानात शिरत नाही.

एक ओळ आधी खोड: 'लक्षणं दिसल्यास तपासणी करून घ्या.' हे उलटं आहे. कर्करोगाआधीच्या बदलांना लक्षणं नसतात आणि ही तपासणी आहे ती काहीही होत नसलेल्या बाईसाठी. जिला संबंधांनंतर रक्त जातं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा डाग दिसतो किंवा अंगावरून घाण वासाचं जातं, तिला स्वतः नमुना घेण्याचं किट देऊन घरी पाठवू नकोस. तिची आतून तपासणी व्हायला हवी, आणि लवकर. एचपीव्हीचा, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचा, रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी.

बोलताना 'गर्भाशयमुख' नको, 'गर्भपिशवीचं तोंड' म्हण आणि जागा दाखव. छोटी बाटली उलटी धर: वरचा फुगीर भाग पिशवी, खाली योनिमार्गात उतरलेली मान म्हणजे पिशवीचं तोंड. ही तपासणी फक्त त्या मानेची. बीजांडकोशाचं त्यातून काही कळत नाही, आणि हे सांगितलं नाहीस तर 'माझी सगळी पिशवी तपासली' असं समजून ती निश्चिंत राहील.

आता विषाणू. एचपीव्हीचे 200 हून अधिक प्रकार आहेत. या कर्करोगाच्या सुमारे 70 टक्के केसेसमागे 16 आणि 18 क्रमांकाचे हे दोनच प्रकार. संसर्ग इतका सर्वसाधारण आहे की लैंगिक संबंध आलेल्या बहुतेकांना तो कधी ना कधी होतो. बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत तो घालवूनही टाकतं. काहींमध्ये तो ठाण मांडतो, पेशी हळूहळू बदलतात आणि कर्करोग व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं जातात. एचआयव्ही असून उपचार सुरू नसतील तर 5 ते 10. तपासणीचा सगळा डाव या मधल्या वर्षांवर आहे. बदल तेव्हा सापडला तर तो काढून टाकता येतो.

म्हणून पॉझिटिव्हचा अर्थ अगदी याच शब्दांत सांग: 'विषाणू सापडला आहे. हा कर्करोगाचा रिपोर्ट नाही. पिशवीच्या तोंडावर काही बदल झालाय का, ते आता बघायचं.' पुढचा प्रश्न तोंडावर आला नाही तरी मनात असतोच: कुणाकडून आला? विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, त्यामुळे तो कधी आणि कुणाकडून आला हे कुठलीच चाचणी सांगत नाही. आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या बाईलाही तो होतो. या रिपोर्टवरून नवऱ्यावरही संशय घेता येत नाही आणि तिच्यावरही. हे पत्रकात ठळक छाप. संसार मोडतात या एका गैरसमजापायी, किंवा त्या भीतीनं ती पुढच्या तपासणीला येतच नाही.

स्वतः नमुना घेण्याचं किट असेल तर बोलत बसू नकोस, स्वॅब हातात घेऊन दाखव. हात धुवायचे, बोळ्याला बोट लावायचं नाही. उकिडवं बसायचं किंवा एक पाय उंचावर ठेवायचा. कांडीवर खूण असते तिथपर्यंत, साधारण बोटाच्या दोन पेरांइतकी, ती सरळ वर न ढकलता किंचित कमरेच्या दिशेनं आत न्यायची. किटवर लिहिलेले सेकंद मोजत हळूहळू फिरवायची, नळीत घालून झाकण घट्ट लावायचं. बायकांना भीती असते ती 'आत हरवलं तर?' आणि 'पिशवीला लागलं तर?' ही. योनिमार्ग वर बंद असतो, काही हरवत नाही. आणि पिशवीच्या तोंडापर्यंत पोचायची गरजच नसते. पाळीत नमुना घ्यायचा नाही. नमुने वाया जातात ते बहुधा क्षुल्लक कारणांनी: झाकण सैल, नळीवर नाव नाही.

एचपीव्ही चाचणी जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वयाच्या 30 पासून, दर 5 ते 10 वर्षांनी; एचआयव्ही असेल तर 25 पासून, दर 3 ते 5 वर्षांनी. जिथे ती नाही तिथे पॅप (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) किंवा व्हाया. व्हायात पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. बदललेला भाग पांढरा पडतो. पाळी गेलेल्या बाईत बघायचा भाग आत सरकलेला असतो, म्हणून तिच्यात व्हायाचा भरवसा धरू नये.

उपचाराबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. 'पिशवी काढतील' ही भीती घेऊनच ती येते, तेव्हा लिही: बदल आढळला आणि तो त्या पद्धतीला योग्य असला, तर सुमारे 100 अंश तापलेलं टोक 20 ते 30 सेकंद टेकवून तेवढाच भाग जाळतात. पिशवी जागेवर राहते, सहसा त्याच दिवशी घरी जाता येतं. नंतर काही आठवडे अंगावरून पाणी जातं. ते अपेक्षित आहे, पण आधी सांगितलं नाही तर ती घाबरून जाते. महिनाभर संबंध नकोत. ताप आला किंवा खूप रक्त गेलं तर लगेच परत यायचं. कुणाकुणाला विजेनं तापवलेली बारीक तार फिरवून तेवढा भाग काढावा लागतो.

एचपीव्हीची लस थोडक्यात. 9 ते 14 वयात, संबंध सुरू होण्याआधी, एक किंवा दोन डोस. एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर किमान दोन, शक्य असेल तर तीन. लशीत विषाणूचं फक्त बाहेरचं कवच असतं, जनुकं नसतात, त्यामुळे तिच्यामुळे संसर्ग होऊच शकत नाही. दंडात टोचल्यावर 15 मिनिटं बसवून ठेवायचं, कारण या वयात मुलींना चक्कर येते आणि एक मुलगी पडली की अफवा लशीच्या नावावर जाते. आधीच असलेला संसर्ग लशीनं जात नाही. आणि लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी लागतेच, हे तिच्या आईला त्याच दिवशी सांग.

शेवटचं, मोबाईल नंबर. रिपोर्ट कळवायला नंबर घेतेवेळी विचार, 'हा फोन कोण उचलतं?' घरातला सामाईक फोन असेल तर मेसेजमध्ये ना चाचणीचं नाव ना निकाल, फक्त 'येऊन भेटा'. तेही नको असेल तर तिनं स्वतः यायची तारीख ठरवून घे. पत्रकाच्या पाठीमागे सुविचार छापलायस, तो काढ आणि तीन रिकाम्या ओळी ठेव: रिपोर्ट कधी मिळेल, पॉझिटिव्ह आल्यास कुठे जायचं, कुणाला विचारायचं. त्या तिच्यासमोर, तुझ्या हातानं भर.