मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात पहिल्यांदा पायी जाताय?

सगळ्यात आधी बिबट्या डोक्यातून काढ. फणसाडचा राजा शेकरू, म्हणजे मोठी खार आहे. झाडावर चढून बसलेलं ते तपकिरी झुपकेदार शेपूट पाहायचं तर पहाटेच निघावं लागतं. उन्हं तापली की जंगल गप्प.

हे जंगल एके काळी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं शिकारीचं रान होतं, 1986 साली अभयारण्य झालं. सुपेगावातून आत शिर, वनखात्याकडे नोंद कर आणि गावातला वाटाड्या घेच. पैसे वाचवायला मी एकदा एकटाच गेलो आणि दुपारभर एकाच गारंबीच्या वेलाला तीनदा भेटलो!

इथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये बाकी सगळं सुकलं की जनावर तिथेच येतं. गाणापासून लांब, वारा गाणाकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला तासभर नुसतं बसायचं. चालण्यापेक्षा बसण्यात जास्त दिसतं, पण हे नवख्यांना पटत नाही. भडक टी-शर्ट आणि अत्तर घरीच ठेव.

दुसरा दिवस काशीद, कोर्लईच्या किनाऱ्याला दे. चिखलातले पक्षी ओहोटीलाच दिसतात. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. कोर्लईचा किल्ला त्यानंतर चढ.

पाणी मात्र दोन लिटरपेक्षा कमी नेऊ नकोस. कोकणातला घाम वेगळाच असतो.