पावसाळ्यात हॉलमधले खेळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या शाळेचं मैदान काळ्या मातीचं आहे. जुलै लागला की तिथे पाय ठेवायची सोय नसते. तिसरीची ४० मुलं, ३५ मिनिटांचा तास आणि ५० बाय ३० फुटांचा शहाबादी फरशीचा हॉल. एवढ्यात सगळ्यांना कसं खेळवायचं? – क्रीडाशिक्षिका, पंचवटी

उत्तर : उभा खो-खो घ्या. नेहमीचा बसून खेळायचा खो-खो हॉलमध्ये नको. झटकन उठताना गुडघे फरशीवर आपटतात आणि खांबाला वळसा घेणारं मूल वेगात थेट भिंतीवर जातं.

मुलांचे २०-२० चे दोन गट करा. प्रत्येक गटासाठी खडूने १० फूट व्यासाचं वर्तुळ आखा आणि त्याबाहेर ३ फुटांवर दुसरं. आतल्या रेघेवर नऊ जोड्या, एकामागे एक, तोंडं मध्याकडे. उरलेल्या दोघांत एक पळणारा, एक पकडणारा. पळणाऱ्याने कुठल्याही जोडीच्या पुढ्यात उभं राहायचं. की त्या जोडीतला मागचा सुटला, आता तो पळणार. पकडला गेला की दोघांची अदलाबदल. पळापळ फक्त दोन रेघांमधल्या पट्ट्यात. दोन्ही वर्तुळं हॉलच्या लांबीत बसतात आणि चारही बाजूंनी भिंत किमान ६ फूट लांब राहते.

एक नियम मात्र पहिल्यापासून लावा : अर्ध्या फेरीच्या आत जोडीपुढे उभं राहायचंच. हा नियम नसेल तर दोन-तीन चपळ मुलं फेऱ्यांवर फेऱ्या मारतात आणि बाकीचे सतरा-अठरा जण नुसते ताटकळतात.

कोणत्याही खेळात भिंत ही सीमारेषा धरू नका. ‘भिंतीला हात लावून परत या’ म्हटलं की मुलं वेग कमी न करता हातांनी थांबतात, आणि सगळा भार मनगटावर येतो. शेवटची रेघ भिंतीपासून ६ फूट अलीकडेच हवी.

प्रश्न : संगीत खुर्ची, लंगडी यांत माझी मुलगी लगेच बाद होते आणि बसून राहते. आता ती खेळायलाच नको म्हणते. – पालक, सिडको

उत्तर : चूक मुलीची नाही, नियमाची आहे. सगळ्यात आधी बाद होतं ते बहुधा हळू पळणारं मूल, म्हणजे ज्याला पळण्याची गरज सर्वांत जास्त तेच सर्वांत कमी पळतं. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाकावर बसून ती कशी व्हायची? शाळेतल्या बाईंशी बोला. प्राथमिकच्या मुलांना ‘आउट’ ठेवूच नये, असं आमचं ठाम मत आहे.

लंगडीत पकडलेल्या मुलाने कोपऱ्यात जाऊन दहा उठाबशा काढाव्यात आणि परत खेळात यावं. लंगडी घालणारा दर ३० सेकंदांनी बदला. कडक फरशीवर एकाच पायावर त्याहून जास्त वेळ उड्या मारल्या की पोटरी भरून येते आणि तोल जातो.

साखळी तर मुळातच चांगली, कारण पकडला गेलेला साखळीत सामील होतो. पण चार जण झाले की साखळी तोडून दोन-दोनच्या दोन करायच्या. लांब साखळी वळली की टोकाच्या मुलाला मधल्यांपेक्षा कितीतरी जास्त अंतर कापावं लागतं. ते फरफटतं आणि हात सुटला की भिरकावलं जातं.

प्रश्न : हॉलला काचेची तावदानं आहेत. चेंडूचे खेळ बंदच ठेवायचे का? – मुख्याध्यापक, देवळाली

उत्तर : बंद नको, चेंडू बदला. वर्तमानपत्राचं एक पान घट्ट चुरगाळा, त्यावर आणखी दोन पानं गुंडाळा, जुन्या मोज्यात कोंबा आणि तोंडाला गाठ मारा. असे ४० करा. हॉलच्या मध्यावर ३ फूट रुंद पट्टा आखा. त्यात कुणीही पाय टाकायचा नाही, नाहीतर दोन्हीकडची मुलं एकाच चेंडूसाठी वाकतात आणि डोक्यावर डोकं आपटतं. दोन्ही बाजूंना २०-२० चेंडू. शिट्टी वाजली की आपल्या अंगणातले पलीकडे फेकायचे, एका वेळी एकच. ६० सेकंदांनी पुन्हा शिट्टी, सगळे खाली बसले. ज्यांच्याकडे कमी चेंडू, ते जिंकले. शिट्टीनंतर फेकलेला प्रत्येक चेंडू फेकणाऱ्यांच्या खात्यात दोन म्हणून धरा. भांडण तिथेच मिटतं.

प्रश्न : फरशीवर पाय घसरतात. बूट घालावेत की अनवाणी? – शिक्षक, नाशिकरोड

उत्तर : नुसते मोजे अजिबात नकोत. चांगल्या रबरी तळाचे कोरडे बूट असतील तर उत्तम, नाहीतर अनवाणी. अनवाणी खेळवणार असाल तर आधी झाडून घ्या, विशेषतः सूचनाफलकाखाली; टाचण्या तिथेच पडलेल्या असतात. दारात गोणपाट टाका. दमट हवेत फरशीला घाम सुटतो आणि तो नुसता पाहून कळत नाही, म्हणून तीन-चार ठिकाणी बोट फिरवून बघा. बोट ओलं झालं तर कोरड्या फडक्याने पुसा, दहा मिनिटं थांबा. तरीही ओलच असेल तर त्या दिवशी पळायचे खेळ रद्द. जागेवरची कवायत, सूर्यनमस्कार घ्या.