वाचकांचे प्रश्न : ‘स्टार वॉर्स’ची क्रमवारी लावायची कशी?

या वेळच्या पत्रांत ‘स्टार वॉर्स’बद्दलचे प्रश्न सर्वाधिक होते, म्हणून हे सदर मुख्यतः त्यांनाच दिलं आहे; शेवटी ‘स्टार ट्रेक’ या दुसऱ्या चित्रपटमालिकेबद्दलचा एक प्रश्न आहे. 1977 ते 2019 या काळातले मुख्य मालिकेचे 9 चित्रपट आणि ‘रोग वन’ व ‘सोलो’ हे 2 स्वतंत्र चित्रपट, असे 11 चित्रपट इथे धरले आहेत. 2008 चा अ‍ॅनिमेशनपट धरलेला नाही. कथेतले मोठे खुलासे शक्य तितके टाळले आहेत.

प्रश्न : यातला एकही चित्रपट पाहिलेला नाही. भागांच्या आकड्यांप्रमाणे 1 ते 9 बघू, की ज्या क्रमाने प्रदर्शित झाले तसे?

उत्तर : प्रदर्शनाच्या क्रमाने. 1977 चा चित्रपट आता ‘भाग 4’ म्हणून ओळखला जातो, पण तो आला तेव्हा त्यावर आकडा नव्हता. ‘भाग 4 – अ न्यू होप’ ही ओळ सुरुवातीच्या सरकत्या मजकुरात 1981 साली, पुनर्प्रदर्शनाच्या वेळी आली. प्रेक्षकाला या विश्वाची काहीही माहिती नाही हे धरूनच दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी तो रचला आहे.

भाग 1 ते 3 ही 1999 ते 2005 या काळात आलेली पूर्वकथा आहे. भाग 1 पासून सुरुवात केलीत तर दोन गोष्टी हातच्या जातील. एक तर ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मधला (भाग 5, 1980) खुलासा आधीच फुटेल. दुसरं म्हणजे योडाचा प्रवेश वाया जाईल. दलदलीत नायक ल्यूकच्या सामानाची उचकापाचक करणारा, त्याचा खाऊ तोंडात घालून थुंकणारा, एका छोट्याशा दिव्यासाठी आर-टू-डी-टू या यंत्रमानवाशी झटापट करणारा हा विचित्र म्हातारा आहे तरी कोण, हे कोडं ल्यूकबरोबर आपल्यालाही पडायला हवं. भाग 1 ते 3 पाहून आलेल्याला ते पडतच नाही.

चाहत्यांमध्ये ‘मशेटी क्रम’ नावाचा एक क्रम चालतो : 4, 5, 2, 3, 6. पाचव्या भागाच्या शेवटी ताण टांगता ठेवून मध्ये पूर्वकथा सांगायची आणि मग सहाव्या भागाने शेवट करायचा, अशी ती कल्पना आहे. दुसऱ्या फेरीला हा क्रम जरूर करून बघा. ‘रोग वन’ कथेच्या काळात 1977 च्या चित्रपटाच्या लगेच आधी घडतो, तरीही पहिले तीन चित्रपट (भाग 4 ते 6) पाहून झाल्यावरच तो हाती घ्या. त्यातल्या अर्ध्या प्रसंगांना वजन येतं ते पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं म्हणून.

एका दिवशी एकच चित्रपट बघा. पहिले तीन सलग बघायचे तर सव्वासहा तास लागतात, आणि तिसऱ्याला आपण थकलेल्या डोळ्यांनी कमी गुण देतो. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’वर (भाग 6, 1983) हा अन्याय फार वेळा होतो.

प्रश्न : जुन्या तीन चित्रपटांत नंतर बदल केले असं ऐकलं. परीक्षण लिहिताना कोणती आवृत्ती धरायची?

उत्तर : जी पाहिली ती धरा, पण तिचं साल परीक्षणात लिहा. ते न लिहिल्यामुळे दोघंजण तासभर वाद घालतात आणि दोघांनी वेगवेगळे चित्रपट पाहिलेले असतात. मोठे बदल चार टप्प्यांत झाले : 1997 ची विशेष आवृत्ती, 2004 ची डीव्हीडी, 2011 ची ब्लू-रे आणि 2019 ची फोर-के. सध्या सहज मिळते ती या सगळ्या बदलांनंतरची प्रत. मूळ रूपातले चित्रपट 2006 मध्ये डीव्हीडीच्या जोडतबकडीवर आले होते, पण ते लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या तबकडीसाठी) केलेल्या जुन्या प्रतीवरून घेतलेले असल्याने चित्र मऊ दिसतं.

सगळे बदल सारख्या महत्त्वाचे नाहीत. ‘एम्पायर’मध्ये ढगांतल्या शहराला खिडक्या वाढवल्या, त्याने कथेला धक्का लागत नाही. 1977 च्या चित्रपटात गुंडांचा म्होरक्या जॅबा आणि तस्कर हान यांचा प्रसंग 1997 साली घातला गेला, तो मात्र खटकतो. हानवर कर्ज आहे आणि मागे शिकारी लागले आहेत, हे ग्रीडो या शिकाऱ्याच्या प्रसंगात नुकतंच कळलेलं असतं. तीच माहिती, जवळजवळ त्याच शब्दांत, पुन्हा ऐकावी लागते आणि यान सुटायच्या ऐन वेळी वेग मोडतो.

सर्वांत जास्त नुकसान 2011 च्या बदलाने केलं आहे. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या शेवटाकडे सम्राटाचा उजवा हात असलेला व्हेडर एकदा ल्यूककडे बघतो, एकदा सम्राटाकडे. मूळ प्रतीत तो एक शब्दही बोलत नाही. मुखवट्यावर विजेचा निळा प्रकाश पडतो, मान किंचित वळते आणि आतल्या माणसाचं काय चाललं असेल ते आपण भरून काढतो. ब्लू-रेमध्ये तिथे ‘नो’ अशी आरोळी घातली. आता प्रेक्षकाला करायला काहीच उरत नाही. सहाव्या भागाला क्रमवारीत एक पायरी खाली नेण्याएवढा हा बदल मोठा आहे, असं आमचं मत आहे.

प्रश्न : मुलगी 7 वर्षांची आहे. चालतील का?

उत्तर : 1977 चा चालेल. पण दोन जागा आधी स्वतः बघून ठेवा : मद्यालयातला तुटलेला हात आणि ल्यूकच्या घराबाहेरचे जळालेले सांगाडे. ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ (2005) इतक्यात नको. अमेरिकेत 13 वर्षांखालील मुलांबाबत पालकांना सावध करणारा शेरा मिळालेला मालिकेतला तो पहिला चित्रपट आहे, आणि लाव्ह्याजवळचा शेवटचा प्रसंग पाहिल्यावर तो शेरा का मिळाला हे कळतं. त्यानंतरच्या पाचही चित्रपटांना तोच शेरा आहे.

प्रश्न : सगळे 11 चित्रपट पाहिले. दहापैकी गुण दिले तर आठ चित्रपटांना 7 किंवा साडेसात पडतात. नीट क्रम कसा लावायचा?

उत्तर : गुण बाजूला ठेवा आणि जोड्या लावा. ‘याला किती गुण?’ या प्रश्नाला माणूस गुळमुळीत उत्तर देतो. ‘या दोघांतला सरस कोणता?’ असं विचारलं की भूमिका घ्यावीच लागते.

11 चित्रपटांच्या 55 जोड्या होतात, पण सगळ्या ताडायची गरज नाही. चित्रपटांच्या नावांच्या 11 चिठ्ठ्या करा. पहिल्या दोन चिठ्ठ्या ताडून वर-खाली लावा. पुढची प्रत्येक चिठ्ठी तोवरच्या यादीतल्या मधल्या चित्रपटाशी ताडा. सरस ठरली तर वरच्या अर्ध्यातल्या मधल्याशी, नाही तर खालच्या अर्ध्यातल्या मधल्याशी, असं जागा सापडेपर्यंत करत जा. शेवटच्या चिठ्ठीलाही चारपेक्षा जास्त तुलना लागत नाहीत आणि सगळं काम जास्तीत जास्त 29 तुलनांत होतं. प्रत्येक तुलनेपुढे कारणाची एक ओळ लिहायची. ही ओळ सोडू नका, परीक्षणाचा कच्चा माल तीच आहे.

सुरुवात करण्यापूर्वी कसोटी एका वाक्यात कागदावर लिहा. ‘मला पुन्हा बघावासा वाटतो’ ही एक कसोटी झाली, ‘चित्रपट म्हणून जास्त नीट बांधला आहे’ ही दुसरी. दोन्ही रास्त आहेत, पण एकाच यादीत दोन्ही आल्या की चक्र तयार होतं : ‘रोग वन’ ‘जेडाय’पेक्षा सरस, ‘जेडाय’ ‘फोर्स अवेकन्स’पेक्षा सरस आणि ‘फोर्स अवेकन्स’ पुन्हा ‘रोग वन’पेक्षा सरस. वरच्या पद्धतीत असं चक्र आपोआप दिसत नाही; शंका आली तर राहिलेली जोडीही ताडा, आणि चक्र दिसलं की त्या तीन ओळी शेजारी ठेवून वाचा. एका तुलनेत तुम्ही लढाई बघितली, दुसरीत पात्रं आणि तिसरीत लहानपणची आठवण, असं निघेल. लिहिलेल्या कसोटीवर तिन्ही तुलना पुन्हा करा, चक्र बहुतेक वेळा सुटतं.

यादी झाल्यावर आठवडाभर तिला हात लावू नका. मग शेजारशेजारच्या 10 जोड्या, जुनी कारणं न वाचता, पुन्हा ताडा. एखाद-दुसरी उलटली तर हरकत नाही. चार-पाच उलटल्या तर कसोटीच पक्की नव्हती.

एक चूक फार जण करतात : शेवटच्या दहा मिनिटांवरून सगळ्या चित्रपटाचा निकाल लावतात. यावर सोपा उपाय आहे. चित्रपटाच्या मधल्या तासातले तीन प्रसंग न बघता लिहून काढा, तेही कोणाला काय हवं होतं आणि काय आडवं आलं यासकट. तीन निघाले नाहीत तर मधला भाग पोकळ आहे. ‘रोग वन’ची ही परीक्षा घेऊन बघाच.

प्रश्न : तुमची स्वतःची क्रमवारी सांगा. कारणांसकट!

उत्तर : आमची कसोटी बांधणीची आहे : प्रसंगातून प्रसंग निघतो का, आणि पात्राच्या निर्णयामुळे कथा हलते का.

‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ पहिला. दिग्दर्शक अर्विन कर्शनर. सर्वांत मोठी लढाई त्यात सुरुवातीलाच होऊन जाते आणि चित्रपट लहान-लहान होत दोन माणसांच्या द्वंद्वापर्यंत येतो. बहुतेक साहसपट याच्या नेमके उलट चालतात. हानच्या यानाचा अतिवेगाचा भाग बंद पडलेला असणं, या एका बिघाडावर अर्धं कथानक उभं आहे. पळता येत नाही म्हणून लघुग्रहांत लपणं, लपता येत नाही म्हणून जुन्या मित्राकडे जाणं, आणि तिथे सापळा. योगायोग जवळपास नाहीच.

दुसरा 1977 चा ‘स्टार वॉर्स’. पहिल्याच दृश्यात लहान यान निसटतं आणि मागून डोक्यावरून प्रचंड युद्धनौका सरकत राहते, संपतच नाही. प्रत्यक्षात त्या युद्धनौकेची प्रतिकृती जेमतेम 3 फुटांची होती आणि लहान यानाची तिच्या जवळपास दुप्पट. भव्यता आली ती कॅमेरा कुठे ठेवला आणि दृश्य किती वेळ चालू दिलं यातून. शेवटच्या हल्ल्याची मांडणीही अभ्यासण्यासारखी आहे. काय करायचं ते बैठकीतल्या आकृतीवर आधी दाखवलं जातं, मग पहिला प्रयत्न फसतो, दुसरा फसतो, आणि बंडखोरांचा तळ शत्रूच्या माऱ्यात यायला किती मिनिटं उरली हे मधूनमधून ऐकू येत राहतं. कच्च्या संकलनात ही दृश्यं तयार नव्हती, तिथे जुन्या युद्धपटांतल्या विमानांच्या चकमकी जोडून वेग ठरवला होता. संकलनाचं ऑस्कर या चित्रपटाला मिळालं, ते रास्तच होतं.

तिसरा ‘द लास्ट जेडाय’ (2017). यावर पत्रं येतील याची कल्पना आहे. जुगारनगरीचा लांबलेला फेरफटका हा त्याचा उघड दोष आहे. पण नायिका रे, खलनायक कायलो आणि ल्यूक यांतल्या प्रत्येकाला अवघड निर्णय घ्यावा लागतो आणि कथा त्या निर्णयांनीच वळते. एका यानाच्या धडकेवर दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी काही सेकंद आवाज पूर्ण तोडला आहे. या मालिकेत आवाजाचा इतका धीट उपयोग दुसरा नाही.

चौथा ‘रिटर्न ऑफ द जेडाय’, मुख्यतः सम्राटाच्या दालनातल्या प्रसंगांसाठी. पाचवा ‘द फोर्स अवेकन्स’ (2015) : पात्रांची ओळख उत्तम, पण तिसरा अंक 1977 ची उजळणी आहे. सहावा ‘रोग वन’ (2016). पहिल्या वीस मिनिटांत इतक्या ग्रहांवर उड्या मारतो की माणसं मनात ठरत नाहीत; शेवटचा तिसरा हिस्सा मात्र मालिकेतल्या उत्तम युद्धदृश्यांपैकी आहे. सातवा ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’. आठवा ‘सोलो’ (2018), ज्यातला आगगाडीवरचा दरोडा झकास आहे, पण हानची प्रत्येक वस्तू, अगदी आडनावसुद्धा, कुठून आलं ते सांगण्याचा अट्टहास त्याला जड होतो.

नववा ‘द फँटम मेनेस’ (1999). शेवटी चार ठिकाणी चार लढाया एकाच वेळी चालतात : मैदानावर विनोदी, अंतराळात अपघाताने जिंकलेली, राजवाड्यात डावपेचांची आणि तलवारींची प्राणांतिक. दर अर्ध्या मिनिटाला भाव बदलत राहिला की एकाचाही ठसा उमटत नाही. तलवारींचं द्वंद्व एकटं पाहिलं तर थरारक आहे, आणि त्यामागे संगीतकार जॉन विल्यम्स यांनी वापरलेल्या कोरसचे शब्द संस्कृत आहेत. दहावा ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ (2002). डिजिटल चित्रणाच्या इतिहासात त्याला जागा आहे, पण त्यातले प्रेमसंवाद नटांना पेलता येण्याजोगे लिहिलेलेच नाहीत.

अकरावा ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ (2019). लाडक्या पात्रांचं मोठं नुकसान झाल्याचं तो दोनदा दाखवतो आणि दोन्ही वेळा ते परत घेतो. त्यानंतरच्या कोणत्याही धोक्यावर विश्वास बसत नाही.

प्रश्न : आम्ही सहा मित्र मिळून एक यादी करतो आहोत. सरासरी काढली तर चालेल?

उत्तर : फक्त सरासरी फसवते. तिघांनी दुसरा आणि तिघांनी दहावा लावलेला चित्रपट, आणि सहाही जणांनी सहावा लावलेला चित्रपट, दोघांची सरासरी 6 च येते. पहिल्यावर भांडण आहे आणि दुसऱ्यावर एकमत, हे कुठेच दिसत नाही. म्हणून प्रत्येक नावापुढे सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा क्रमांकही लिहा. दुसरी अडचण न पाहिलेल्यांची. एखाद्याने ‘सोलो’ पाहिला नसेल तर त्याच्या यादीत 10 च नावं राहतात आणि ‘सोलो’च्या खाली यायला हवे होते ते सगळे चित्रपट फुकटात एक पायरी वर सरकतात. त्याला तो बघायला लावा, नाही तर सर्वांनी पाहिलेल्या चित्रपटांचीच यादी करा.

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’चे सम आकड्यांचे चित्रपट चांगले आणि विषम वाईट, हे कितपत खरं?

उत्तर : 2002 पर्यंत ते बऱ्यापैकी जुळत होतं. दुसरा (1982), चौथा (1986), सहावा (1991) आणि आठवा (1996) हे खरोखर वरच्या रांगेतले आहेत. पण कारण आकड्यात नाही. दुसरा आणि सहावा निकोलस मेयर यांनी दिग्दर्शित केला आणि चौथ्याच्या पटकथेतही त्यांचा हात होता. 2002 चा दहावा पडला आणि 2009 चा अकरावा चांगला निघाला, तेव्हा नियम दोन्ही बाजूंनी मोडला. 1984 चा तिसरा तर या नियमापायी उगाच बदनाम झाला आहे. दुसऱ्याच्या पाठोपाठ लगेच बघा, म्हणजे तो किती सरळ त्याच्यातून निघतो ते दिसेल.