पेन ड्राइव्हमध्ये जागा असूनही ६ जीबीची फाइल का बसत नाही?

३२ जीबीचा पेन ड्राइव्ह जवळजवळ रिकामा आहे, तरी ६ जीबीचा व्हिडिओ टाकताना 'फाइल खूप मोठी आहे' असा संदेश येतो. तो व्हिडिओ विंडोज, मॅक आणि टीव्ही तिन्हीकडे चालायला हवा आहे, आणि फोटोंच्या बॅकअपची हार्ड डिस्क कशात फॉरमॅट करावी हेही तुम्ही विचारलंय. पेन ड्राइव्ह बिघडलेला नाही. तो फॅट३२ मध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या एका जुन्या पद्धतीत, फॉरमॅट केलेला असणार, एवढंच. आतला डेटा दुसरीकडे काढून ठेवा आणि एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा, काम होईल.

पण हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही. फॅट३२ मध्ये प्रत्येक फाइलची ३२ बाइटची एक नोंद असते. त्यात नाव, तारीख, फाइलचा पहिला तुकडा डिस्कवर कुठे आहे त्याचा क्रमांक, आणि शेवटच्या ४ बाइटमध्ये फाइलचा आकार. ४ बाइटमध्ये मोठ्यात मोठी संख्या मावते ती ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. तुमच्या व्हिडिओचा आकार त्या रकान्यात लिहिताच येत नाही, मग जागा कितीही मोकळी असो. फाइलचे पुढचे तुकडे शोधायला एक वेगळा तक्ता असतो: या तुकड्यानंतर कोणता, त्यानंतर कोणता, अशी साखळी. फाइल डिलीट केली की नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे एक खूण ठेवली जाते आणि साखळी पुसली जाते. मजकूर तिथेच पडून राहतो. म्हणूनच चुकून काही डिलीट झालं तर त्या ड्राइव्हवर नवीन काहीही टाकू नका, परत मिळायची शक्यता असते.

फॅटचं मूळ १९७७ सालचं आणि फॅट३२ १९९६ चं. तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवर ४ जीबीची एकच फाइल कोण ठेवणार होतं! एक्सफॅट २००६ मध्ये आलं. त्यात आकारासाठी ८ बाइट आहेत, त्यामुळे ती मर्यादा व्यवहारात संपली. विंडोज आणि मॅक दोन्ही त्यावर लिहू-वाचू शकतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ते ५.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून आहे. ३२ जीबीपेक्षा मोठी एसडी कार्डंही याच पद्धतीवर येतात.

मग विंडोजची नेहमीची पद्धत एनटीएफएस का नको? मॅक एनटीएफएस वाचतो, पण जादा सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय त्यावर लिहीत नाही. म्हणून इकडून तिकडे फिरणाऱ्या ड्राइव्हला ते गैरसोयीचं. एरवी मात्र ते फार भक्कम आहे, आणि त्याचं कारण म्हणजे जर्नल. एक फाइल टाकताना डिस्कवर बऱ्याच जागी लिहावं लागतं: मोकळ्या जागेचा हिशोब, फोल्डरमधली नोंद, आकार. अर्ध्यात वीज गेली किंवा केबल निघाली तर या नोंदींचा मेळ बसत नाही. एनटीएफएस काय बदलणार ते आधी जर्नलमध्ये टिपतं, मग बदलतं. पुढच्या वेळी डिस्क जोडली की अर्धवट काम पूर्ण करतं किंवा मागे घेतं. लिनक्सचं ईएक्सटी४ सुद्धा जर्नल ठेवतं. फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये हे नाही. त्यामुळे 'सेफली रिमूव्ह' न करता ड्राइव्ह ओढून काढू नका, हे कळकळीने सांगतोय. आणि जर्नल वाचवतं ते मुख्यतः डिस्कची रचना. अर्धी कॉपी झालेली फाइल अर्धीच राहते.

आता बॅकअपची डिस्क. ती फक्त विंडोजला जोडणार असाल तर एनटीएफएस, फक्त मॅकला तर एपीएफएस, लिनक्सला तर ईएक्सटी४. फार विचार करू नका. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस वापरा असा सल्ला कुणीतरी देईलच. त्यांचा खरा गुण म्हणजे प्रत्येक तुकड्याची चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या, ठेवतात, त्यामुळे वर्षानुवर्षं पडून असलेल्या फोटोतला एक बिट जरी बदलला तरी वाचताना पकडला जातो. एनटीएफएसवर तो फोटो गुपचूप बिघडलेलाच उघडेल. पण पकडणं वेगळं, दुरुस्त करणं वेगळं. दुरुस्तीला दुसरी चांगली प्रत लागते, आणि एकाच डिस्कवर सहसा ती नसते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: झेडएफएसच्या एका डिस्कपेक्षा साध्या एनटीएफएसच्या दोन डिस्क, वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या, कधीही बऱ्या.

पेन ड्राइव्हकडे परत येतो. विंडोजमध्ये त्यावर राइट क्लिक करून फॉरमॅट निवडा, एक्सफॅट घ्या, 'अलोकेशन युनिट' आहे तेच राहू द्या, क्विक फॉरमॅट पुरेसं आहे. मॅकवर डिस्क युटिलिटीतून करत असाल तर स्कीम 'मास्टर बूट रेकॉर्ड' ठेवा. काही टीव्हींना दुसरी स्कीम ओळखता येत नाही. टीव्हीच्या मॅन्युअलमध्ये एक्सफॅट चालतं का ते आधी बघून घ्या. तो फक्त फॅट३२ वाचणारा जुना टीव्ही निघाला, तर व्हिडिओचे ४ जीबीच्या आतले भाग करावे लागतील, किंवा तो कमी बिटरेटवर (दर सेकंदाला कमी डेटा) पुन्हा एन्कोड करावा लागेल.